दिवाळीपर्यंत ५५ : हॉस्टेलवर राहून वजन कमी करतानाचा माझा अनुभव

मागच्या ऑगस्टमध्ये मी हॉस्टेलच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवला होता, लाल पेनने लिहिलेला, 'दिवाळीपर्यंत ५५'. तेव्हा माझं वजन ७६ होतं आणि उंची १५८ सेंमी. हा ५५ आला कुठून तर माझ्या मामाच्या मुलीचं वजन ५५ आहे. आम्ही दोघी सारख्याच उंचीच्या, राखीपौर्णिमेला सगळे जमले तेव्हा शेजारी उभं राहून फोटो काढले आणि ते फोटो बघून मला रात्रभर झोप लागली नाही. बस एवढाच त्या आकड्याचा आधार.

मी मूळची लातूर जिल्ह्यातली, सध्या संभाजीनगरला बीएस्सी करतेय. अकरावी, बारावी आणि वर एक रिपीटचं वर्ष मी लातूरला नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) क्लासला होते. ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायला नको, सकाळी क्लास मग मेस मग अभ्यासिका मग परत क्लास, रात्री एक वाजता भूक लागली की शेंगदाणे-गूळ नाहीतर बिस्किटचा पुडा, आणि चालणं म्हणजे रूम ते क्लास तेवढंच. दहावीला ६० च्या आत होते, तीन वर्षांत ७६ झाले. नीट काही निघाली नाही आणि वजन मात्र अंगावर राहिलं, त्याचं मला खूप वाईट वाटायचं, अजूनही कधीकधी वाटतं.

तर तो कागद लावल्यावर मी जे केलं ते कुणीच करू नका म्हणून सविस्तर सांगते. सकाळी लिंबू-मध पाणी, दुपारी एक पोळी आणि काकडी, रात्री काहीच नाही. पहिल्या नऊ दिवसांत ४ किलो उतरले! मी आईला फोन करून सांगितलं, रूममधल्या मुलींना सांगितलं, मला वाटलं असंच चाललं तर दिवाळीच्या आधीच होईल. पण त्यानंतर काटा ७२ वर जो अडकला तो हलेचना. मग मी ती एक पोळी पण अर्धी केली. केस गळायला लागले, वर्गात बसल्या बसल्या थंडी वाजायची, चिडचिड तर इतकी की रूममेटने पंखा लावला तरी मला राग यायचा. आणि रात्री अकरानंतर घरून आलेला चिवड्याचा डबा उघडून मी उभ्या उभ्या खायचे, मग रडायचे, मग दुसऱ्या दिवशी अजून कमी खायचे. सप्टेंबरमध्ये केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन करता करता डोळ्यासमोर अंधारी आली आणि मी खालीच बसले.

मॅडमनी घरी कळवलं, वडील रात्रीच्या गाडीने आले आणि आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, रक्त तपासलं, थायरॉईड नॉर्मल निघालं पण हिमोग्लोबिन ९.२, बायकांचं १२ च्या वर असायला पाहिजे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि सांगितलं की गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. डॉक्टरांनी मग आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. खरं सांगते, मला वाटलं होतं त्या रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, "बेटा, किती कमी करायचंय आणि किती दिवसांत?" मी खाली मान घालून सांगितलं, २१ किलो, दोन महिन्यांत. त्यांनी केसपेपरच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला.

तो हिशोब मी जसाच्या तसा लिहिते कारण माझं डोकं तिथंच जाग्यावर आलं. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. २१ किलोचे झाले १,६१,७००. त्याला ६० दिवसांनी भागलं तर दिवसाला जवळजवळ २७०० कॅलरीची तूट पाहिजे. आणि माझ्या वयाची, उंचीची, वजनाची मुलगी, जी दिवसभर लेक्चरला बसते, ती दिवसभरात खर्चच करते २१०० च्या आसपास. म्हणजे मी दोन महिने पाण्यावर राहिले असते तरी तो आकडा गाठता आला नसता. मी बीएस्सीची विद्यार्थिनी, रोज मोलॅरिटी काढते, आणि हा साधा भागाकार मी कधी केला नव्हता. मग नऊ दिवसांत ४ किलो कसे गेले हे पण विचारलं, तर त्या म्हणाल्या की शरीरात ग्लायकोजन म्हणून साखरेचा साठा असतो आणि तो स्वतःच्या तिप्पट तरी पाणी धरून ठेवतो, खाणं एकदम तोडलं की आधी तो साठा आणि ते पाणी जातं, चरबी फार थोडी जाते. जेवण सुरू झालं की पाणी परत येतं. तसंच झालं, त्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर मी ७६.४ भरले.

मग त्यांनी नवा आकडा दिला, आणि तो ऐकून मला रडूच आलं. तीन महिन्यांत साडेतीन किलो. आठवड्याला ३०० ग्रॅम. मी म्हटलं मॅडम एवढंसंच? त्या म्हणाल्या आठवड्याला अर्धा किलोपण चालतो, पण तुझं हिमोग्लोबिन बघता आणि तू मेसचं जेवतेस हे बघता मी जास्त सांगणार नाही. आधी असलेल्या वजनाच्या पाच टक्के, मग सहा-आठ महिन्यांत दहा टक्क्यांपर्यंत, तेवढ्यानेसुद्धा साखर, बीपी यांच्यात फरक पडतो. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, माझा ३० च्या वर होता, म्हणून ५५ चा विचार आत्ता करूच नको, तो प्रश्न दोन वर्षांनी बघू असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वडील शेजारीच बसलेले, ते म्हणाले, "मॅडम म्हणतेत तसं कर बाई, उगं घाई करू नको." रूमवर आल्यावर तो कागद काढला आणि 'डिसेंबरअखेर ७३' लिहून दुसरा लावला.

३०० ग्रॅम म्हणजे दिवसाला साधारण ३३० कॅलरी कमी. आता ह्या ३३० मेसच्या डब्यातून काढायच्या कशा हा खरा प्रश्न होता, कारण हॉस्टेलवर गॅस नाही, ओट्स, ब्राऊन राइस, सॅलड असलं काही आपल्या बजेटमध्ये बसत नाही आणि मेसच्या काकूंना एकटीसाठी वेगळी भाजी कर म्हणता येत नाही. मी आठवडाभर नुसतं लिहून काढलं काय काय खाते. चहा दिवसातून चार वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, म्हणजे नुसत्या साखरेच्या १६०. दोन चहा केले, एक-एक चमच्याचे, १२० तिथंच वाचल्या. रात्री अभ्यास करताना शेंगदाणे, ते तर मी मोजतच नव्हते, दोन मोठ्या मुठी म्हणजे ५० ग्रॅम धरा, २८० कॅलरी झाल्या. शेंगदाणे वाईट नाहीत, उलट त्यात प्रोटीन चांगलं असतं, फक्त ते बेहिशोबी व्हायचं. मग छोटी डबी केली, त्यात मावतील तेवढेच. भाजीवरची तर्री वाटीत निथळून बाजूला काढायला लागले, एक चमचा तेल ४५ कॅलरी आणि आमच्या मेसच्या वांग्याच्या भाजीत असे दोन-तीन चमचे सहज निघायचे. भात अर्धा केला आणि वरण एक वाटी जास्त मागून घेतलं, काकू वरणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. भूक मारायची नाही ही मॅडमची अट होती म्हणून संध्याकाळी फुटाणे नाहीतर दोन उकडलेली अंडी. बास. पोळ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या, तीन.

चालायला मला रूममेटने लावलं. ती पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे पाचला ग्राउंडवर जाते. ती म्हणाली तू पळू नकोस, मी पळेपर्यंत तू चाल. सुरुवातीला वीस मिनिटांत दम लागायचा. महिनाभरात विद्यापीठाच्या बाजूला तासभर चालायला लागलो, थंडीत तिकडं डोंगराच्या अंगाला धुकं असतं, मोर ओरडतात, ती वेळ मला आता दिवसातली सगळ्यात आवडती वाटते. रविवारी गोगाबाबा टेकडी. पण तासभर भरभर चालून माझ्या दोन-अडीचशे कॅलरीच जातात आणि एक वडापाव तीनशेच्या आसपास असतो, हे कळल्यावर 'चालले म्हणून खाल्लं' हा सौदा मी बंद केला. आणि तिच्याकडून मी एक शिकले, तिचं ८०० मीटरचं टायमिंग ती महिन्याला तीन-चार सेकंदांनी कमी करायचं ठरवते, आणि ज्या आठवड्यात पाय दुखतो त्या आठवड्यात ठरवते की फक्त ग्राउंडवर यायचं. ती स्वतःवर चिडलेली मी कधी पाहिली नाही.

काट्याचं पण सांगते. पहिल्या महिन्यात मी रोज वजन करायचे, कधी मेडिकलवर, कधी कॉलेजच्या जिममध्ये, आणि रोज वेगळाच आकडा, पाळीच्या आधी तर सव्वा किलो वाढलेलं दिसलं आणि मी दिवसभर जेवले नाही. मॅडमना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या ते पाणी आहे, चार दिवस थांब. खरंच उतरलं. तेव्हापासून एकच काटा, रविवार सकाळ, काही खायच्या आधी, आणि चार रविवारांची सरासरी. शिवाय आईच्या शिलाईची टेप आणली, कंबर ९६ सेंमी होती. बायकांची ८० च्या आत पाहिजे म्हणतात.

डिसेंबरच्या शेवटी येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, गावी गेले. लातूरकडच्यांना सांगायला नको, शेतात कडब्याची कोप, पूजा, भज्जी (सगळ्या भाज्यांची मिसळ), आंबील, बाजरीचे उंडे, खीर. मी आधीच मॅडमना विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं की पोटभर खा, सण वर्षातून एकदा येतो. आजी मला बघून म्हणाली, "किती वाळलीस गं माय, जेवायलीस का नाही तिकडं?" आणि तिने स्वतः वाढलं. मी दोन वाट्या भज्जी आणि तांब्याभर आंबील घेतली आणि ऑगस्टपासून पहिल्यांदा जेवताना डोक्यात आकडे नव्हते. परत आल्यावर काटा दीड किलो वर होता, पाच दिवसांत उतरला. त्या महिन्याची सरासरी निघाली ७३.१. म्हणजे ३.३ किलो कमी, ठरलेल्यापेक्षा थोडं कमीच.

जानेवारी-फेब्रुवारी बरे गेले. मार्चला परीक्षा तोंडावर आली तेव्हा मॅडमनी आकडाच काढून टाकला, म्हणाल्या ह्या दोन महिन्यांत तुझं टार्गेट एकच, वाढू द्यायचं नाही. मला हे फार पटलं, कारण लातूरची तिन्ही वर्षं माझं वजन परीक्षेच्या तोंडावरच वाढलं होतं. परीक्षेत चालणं वीस मिनिटांवर आलं, रात्रीचं जागरण झालं, चहा परत तीन झाले, आणि वजन ७१.५ ला सुरू होऊन ७१.८ ला संपलं. ह्याचा मला त्या ४ किलोंपेक्षा जास्त आनंद झाला. मधल्या काळात ओळखीतल्या एका काकूंनी वजन कमी करायच्या शेकच्या डब्याचा खूप आग्रह केला, महिन्यात दहा किलो गॅरंटी म्हणून, मी त्यांना केसपेपरमागचा हिशोब दाखवला आणि नको म्हटलं.

मे महिना गावी, ऊन ४२ च्या वर, त्यामुळे साडेपाचलाच शेतापर्यंत जाऊन सात वाजेपर्यंत परत. घरी ज्वारीची भाकरी, आमटी, ताक, तेल आईच्या हातचं कमी. जूनला परत आले आणि दवाखान्यात गेले. वजन ७०.२, कंबर ८९, हिमोग्लोबिन ११.६. केस गळायचे थांबलेत. अजून बीएमआय २८ आहे, लठ्ठपणाच्याच रकान्यात मी आहे, ते मला माहितीय.

मॅडमनी विचारलं दिवाळीपर्यंत किती? मी म्हटलं ६७. त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या परीक्षा कधी, प्रोजेक्ट कधी, गावी किती दिवस जाणार हे सगळं विचारून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं ६८. कपाटाला आता तोच कागद आहे.