फ्रेम बिघडते ती वेल्डिंगच्या आधी

घरी मोटारसायकलची फ्रेम बनवायची तर आधी कायद्याचं उरकून घेऊ. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. कलम १८२-अ खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाशिकची एमएच १५ ची पाटी लावून घरची फ्रेम कॉलेज रोडवर मिरवायचा विचार असेल तर तो इथेच सोडा. पुढचं सगळं शेतात किंवा खासगी ट्रॅकवर चालवायच्या गाडीसाठी आहे. आणखी एक. भंगारातल्या फ्रेमचं हेडपाइप (पुढचा फोर्क जिच्यात फिरतो ती नळी) कापून लावायचा मोह होतो, पण चासी नंबर बऱ्याचदा तिथेच ठोकलेला असतो. तो कोणाच्या गाडीचा, हे सिद्ध करत बसण्यापेक्षा नवं हेडपाइप लेथवर काढून घेणं स्वस्त पडतं.

आता पाइप. दुकानात नुसतं ‘एक इंची द्या’ म्हणालात तर हातात पाणीपुरवठ्याचा पाइप येतो आणि त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी भरतो, कारण प्लंबिंगमधला इंच नावापुरता असतो. फ्रेमच्या पाइपचं माप नेहमी बाहेरून, म्हणून व्हर्निअर खिशात ठेवूनच सातपूरला जा. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या एका सिलिंडरला २८.६ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडीचा सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा पाइप पुरतो. वजन मीटरला साधारण १.६ किलो. डबल क्रेडलला (इंजिनखालून दोन पाइप जाणाऱ्या फ्रेमला) आठ-नऊ मीटर लागतो आणि बाजारात लांबी सहा मीटरची मिळते, म्हणजे दोन घ्या. उरलेले तुकडे सरावाला. ईआरडब्ल्यू, म्हणजे शिवण वेल्ड केलेला पाइपही चालतो, मात्र बाक देताना शिवण बाकाच्या आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला ठेवायची. खुर्च्या-टेबलांचा सव्वा मिमीचा पाइप नको, जस्ताचा मुलामा दिलेला जीआय तर मुळीच नको. जस्ताचा धूर छातीत जातो आणि जोडात बारीक भोकं पडतात. क्रोमोली (क्रोम-मोलिब्डेनम स्टील) या नावाने फार हुरळू नका. तो जास्त मजबूत आहे हे खरं, पण ताठरपणा साध्या स्टीलइतकाच. जाडी कमी करून वजन वाचवायचं नसेल तर त्याचे जादा पैसे कशाला?

कापायच्या आधी कागद. रेक म्हणजे हेडपाइप उभ्या रेषेपासून किती मागे झुकलंय तो कोन. ट्रेल म्हणजे हेडपाइपची रेघ वाढवून जमिनीला जिथे टेकते तिथपासून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर. ते काढायचा हिशेब असा: पुढच्या चाकाची टायरसकट त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून टी-स्टेमचा ऑफसेट (फोर्क हेडपाइपच्या रेघेपासून जितका पुढे असतो ते अंतर) वजा, आणि जे येईल त्याला रेकच्या कोसाइनने भागायचं. त्रिज्या ३१० मिमी, ऑफसेट ४५ मिमी आणि रेक २७ अंश धरला तर ट्रेल १०७ मिमी येतो. रेक २८ झाला की ११४. एका अंशाला सहा-सात मिमी. हा एक अंश वेल्डिंगची ओढ सहज खाऊन टाकते, म्हणून खरी मेहनत जिगवर, म्हणजे फ्रेमचे भाग जागेवर धरणाऱ्या सांगाड्यावर.

जिगसाठी १५० मिमीचा आय बीम, दोन मीटर लांब, दोन घोड्यांवर ठेवून पाणसळीत आणा. घोड्यांखाली फरशी असेल तर बरं, कारण मातीची जमीन पहिल्या पावसात बसते. बीमच्या मधोमध आरपार रेघ कोरा, खडूची नव्हे, स्क्रायबरने. याच रेघेवर दोन्ही चाकांचा मध्य येणार. मागचं चाक आधी उभं करा, मग चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मची) पिव्होट नळी, मग इंजिन. इंजिन डावी-उजवीकडे कुठे बसेल हे दिसण्यावर ठरत नाही, चेन ठरवते: मागच्या स्प्रॉकेटच्या तोंडाला सरळ पट्टी लावून पुढच्या स्प्रॉकेटवर टेकवा आणि फट गेली की इंजिन तिथेच बोल्टाने आवळा. इंजिन केसचा मध्य गाडीच्या मध्यापासून काही मिमी सरकलेला दिसेल. दिसू दे. हेडपाइप सगळ्यात शेवटी, आरपार घातलेल्या थ्रेडेड रॉडवर आणि दोन टोकांच्या शंकूंवर. बाजूने कोन मापा, समोरून ओळंबा सोडा. समोरून अर्धा अंश कलला तरी ६०० मिमी खाली पाच मिमीचा फरक पडतो. मग गाडी हात सोडला की एका बाजूला जाते आणि लोक टायरला दोष देतात.

नॉचिंग म्हणजे पाइपच्या टोकाला दुसऱ्या पाइपच्या गोलाईचा घास काढणं. होलसॉने (गोल भोक कापणाऱ्या करवतीने) निघतो, पण व्यास २८.६ असला तर ब्लेड २८ किंवा २९ चं मिळतं, शेवटचा हात अर्धगोल कानशीनेच मारावा लागतो. पाइप जागेवर धरा, मागे बॅटरी लावा. उजेडाची रेघ दिसली तर कानस परत उचला. अर्धा मिमी फट चालेल, एक मिमी म्हणजे उद्याची तडा. मोठी फट भरताना वितळलेला धातू आकसतो आणि पाइप आपल्याकडे ओढतो. जिग कितीही भक्कम असू दे, ताण जोडात साठून राहतो. फट भरायला सळईचे तुकडे कोंबणारे फॅब्रिकेटर गेटसाठी उत्तम, फ्रेमसाठी नाहीत. बाक द्यायला प्लंबरचा हायड्रॉलिक बेंडर वापरू नका, पाइप चपटा होतो. त्याच व्यासाची डाय असलेलं रोटरी मशीन हवं आणि बाकाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, म्हणजे ८६ मिमी. बाकावर व्हर्निअर आडवं-उभं लावा. फरक दीड मिमीच्या वर गेला तर तुकडा बाजूला.

टिग वेल्डिंगला (आर्गॉन गॅस आणि टंगस्टनची सुई वापरून केलेल्या) डीसी, टॉर्च निगेटिव्हला, २.४ मिमी टंगस्टन, १.६ मिमीची ईआर ७० एस-२ फिलर आणि ९० ते १०० अँपिअर. आर्गॉन मिनिटाला आठ लिटर; सात घनमीटरच्या टाकीत चौदा तासांवर आर्क चालते, एका फ्रेमला पुरून उरते. घरच्या सिंगल फेजवर इन्व्हर्टर मशीन चालतं, पण बोर्डातून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर ओढा. अर्थ क्लॅम्प ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यालाच लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याची रेस (गोळ्या फिरतात ती कडी) खातो. पाइपच्या बंद पोकळीला ३ मिमीचं भोक हवंच. नसेल तर आतली हवा तापते आणि जोडाचं शेवटचं टोक बंद करताना धातू फुंकून बाहेर टाकते. दहा वेळा भरलं तरी तिथे पिनहोल राहतो. पाइप पुसायला ब्रेक क्लीनर नको, ॲसिटोन घ्या. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून आर्कच्या किरणांत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

पावसाळ्यात आणखी दोन भानगडी. काळ्या पाइपवर चार दिवसांत तांबूस थर येतो, तो जोडापासून २५ मिमीपर्यंत आत-बाहेर घासून पांढरा करायचा. आणि शटर उघडं ठेवून वाऱ्यात टिग लावलं की गॅस उडतो, जोड स्पंजसारखा येतो.

सगळे जोड आधी नुसते टॅक करा, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्ड, प्रत्येकाला चार, समोरासमोर. मग इंजिन काढून परत घालून बघा. बोल्ट हाताने आत जायला हवेत. हातोडी लागली तर टॅक कापा, आत्ता कापायला दोन मिनिटं पुरतात. पूर्ण वेल्ड करताना ३० मिमीचा तुकडा इथे, पुढचा विरुद्ध बाजूला, मग दुसऱ्याच जोडावर. हेडपाइपचा वरचा जोड एका दमात पूर्ण केला की रेक हललाच. हेडपाइपच्या आत घट्ट बसणारा ॲल्युमिनिअमचा भरीव गोल दांडा घालून वेल्ड करा आणि हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत काढू नका. कोनसेटच्या (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगच्या) जागेत पाव मिमी माल ठेवून बोरिंग नंतर करून घ्यायचं. त्यासाठी फ्रेम ज्या मशीनवर बसेल असं वर्कशॉप अंबडला आधीच हेरून ठेवा, अख्खी फ्रेम घेऊन दारोदार फिरणं बरं दिसत नाही.

गसेट, म्हणजे जोडाच्या कोपऱ्यातला आधार, ३ मिमी पत्र्याचं. त्याचं टोक पाइपवर आडवं वेल्ड करू नका, तडा बरोबर तिथून निघते. टोक निमुळतं ठेवून वेल्ड पाइपच्या लांबीच्या दिशेने संपवा. इंजिन माउंटच्या पट्ट्या ६ मिमी. ग्राइंडरने जोड गुळगुळीत करून वर पुट्टी फासणं म्हणजे मजबुती घासून टाकून पुट्टी विकत घेणं.

पावडर कोटिंगची घाई नको. आधी डीपी टेस्ट: लाल पेनिट्रंट मारा, पंधरा मिनिटं थांबा, पुसा, वर पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तो जोड कापायचा, वरून थर चढवायचा नाही. पास झाली की एक हात फिकट राखाडी प्रायमर, बस्स. पन्नास किलोमीटर चालवून माउंटचे बोल्ट परत आवळा. मग बॅटरी घेऊन हेडपाइपखालचा जोड, चिमट्याच्या पिव्होटच्या कडा आणि वरचं शॉकअप माउंट बघा; तडा असेल तर राखाडीवर केसाएवढी गंजाची रेघ दिसते.