तुम्ही विचारलंत म्हणून: सांगलीच्या माणसाला पेठांच्या फुटबॉलचं काय एवढं?

हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारला. कोल्हापुरात शिवाजी विरुद्ध पाटाकडील, म्हणजे दोन पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना लागला की माझं कशात लक्ष नसतं, आणि नेमकं तेव्हाच विचारतात. म्हणून हे उत्तर.

सांगली क्रिकेटची. विजय हजारे इथले, स्मृती मानधना इथेच वाढली. फुटबॉल आमच्याकडे पावसाळ्यात चिखल तुडवण्यापुरता. पण अंकलीचा पूल ओलांडा, जयसिंगपूर, हातकणंगले मागे टाका, आणि पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापुरात फुटबॉलचं राज्य सुरू होतं. तिथल्या शाळकरी पोराला गेल्या हंगामातला टायब्रेकर कुणी बाहेर मारला ते पाठ असतं. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आता माझी अडचण. आजोळ शिवाजी पेठेत, सासुरवाडी मंगळवार पेठेत. कोल्हापूरकर इथेच हसला असेल. शिवाजी तरुण मंडळ शिवाजी पेठेचं आणि पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम, मंगळवार पेठेचं. स्थळाचा पत्ता ऐकून मामा जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "पोरगी चांगली हाय न्हवं? मग असू दे."

कुस्तीसाठी निघालेल्या तालमींनी तिथं फुटबॉलचे संघ उभे केले. खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, पाटाकडील, सगळ्यांच्या नावात ‘तालीम’ अजून आहे. त्यामुळे हरतो तो क्लब नसतो, गल्ली असते. आणि हरलेल्या गल्लीला दुसऱ्या दिवशी त्याच मंडईत भाजी घ्यायची असते, त्याच टपरीवर चहा प्यायचा असतो, त्याच माणसांचे टोमणे खायचे असतात. सामन्याआधी पोटात गोळा येतो तो नव्वद मिनिटांच्या भीतीनं नाही, या दुसऱ्या दिवसाच्या भीतीनं. टीव्हीवर मी परदेशातल्या डर्बी पाहतो, खेळ शंभरपट सरस असतो. पण त्यात हरल्यावर माझ्या घरात कुणी डिवचत नाही.

घरात म्हणजे खरंच घरात. बायकोला ऑफसाइड कशाशी खातात ते माहीत नाही, तरी त्या आठवड्यात ती पूर्ण माहेरची होते. आदल्या रात्री मेहुण्याचा फोन ठरलेला.

"दाजी, उद्या तांबडा-पांढरा केलाय. येणार न्हवं?"

"येणार की."

"हरल्यावर पण या. मागच्यासारखी डायरेक्ट सांगलीची यष्टी धरू नका."

यावर उत्तर नसतं. मग मामाला फोन. कुणाला पिवळी कार्डं पडलीत, कुणाचा गुडघा दुखतोय, बाहेरून कुणाला आणलंय, सगळं त्याच्याकडे ताजं असतं. बाहेरच्या खेळाडूंवरून आमचं वाजतं. संघ कधी थेट नायजेरियाचे खेळाडू आणतात, खेळ उंचावतो, मान्य. मला मात्र गल्लीतलाच पोरगा गोल मारताना बघायचा असतो. मामा म्हणतो, "गोल झाल्याशी मतलब."

एक गोष्ट मात्र मला अजिबात आवडत नाही. समर्थकांच्या मारामाऱ्यांपायी स्पर्धा थांबवायची वेळ आलेली आहे, आणि त्यात नुकसान होतं ते वर्षभर घाम गाळलेल्या पोरांचं. ईर्ष्या हवीच, दगड कशाला?

हे सामने होतात ते शाहू स्टेडियम जिथं आहे तिथं पूर्वी रावणेश्वराचा तलाव होता. सामन्याच्या दुपारी तो पुन्हा भरल्यासारखा वाटतो. ऊन थेट तोंडावर, बसायची पायरी चटके देणारी, खाली अंथरायला त्याच दिवसाचा पेपर, ज्यात याच सामन्याची बातमी छापलेली. संघ अजून मैदानात आलेले नसतात, पण हलगी सुरू झालेली असते आणि समोरच्या बाजूनं काहीतरी अत्यंत अपमानास्पद ओरडलं जात असतं. मी आजोळच्या बाजूला बसतो. समोर कुठंतरी मेहुणा असतो, आणि मला शोधत असणार हे मला पक्कं माहीत असतं.

कुणाला यायचं असेल तर सांगलीतून बाराच्या आत निघा, टोपी घ्या, दोन्ही संघांच्या रंगांचा शर्ट टाळा. शेजारच्यानं "कंची पेठ?" म्हणून विचारलं तर सरळ सांगली सांगा. हसतील, पण सरकून जागा देतील.