आम्ही काय कमी केलं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये, व्याख्यान संपल्यावर, परवा तर एका लग्नात जेवणाचं ताट हातात असताना, आई-वडील मला हेच विचारतात: "डॉक्टर, पोटाला चिमटा काढून शिकवलं, कधी हात उगारला नाही. गारपिटीत बाग गेली त्या वर्षीही हॉस्टेलची फी भरली. आणि आता पोरगी म्हणते, लहानपणी भावनिक दुर्लक्ष झालं. कसलं दुर्लक्ष? तुम्हीच भरवलंत ना तिच्या डोक्यात?"

नाही, मी भरवलं नाही. ही मुलं येतात तेव्हा त्यांची तक्रार असते झोपेची, नाहीतर कशातच काही वाटत नाही याची. लहानपणी रडलात की कोण जवळ घ्यायचं, असं विचारलं की बराच वेळ गप्प बसतात आणि म्हणतात, "मी रडायचोच नाही. शहाणा होतो."

मार आठवतो. जे घडलंच नाही, ते कसं आठवणार? बालपणातले आघात मोजायला जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. तिच्यात भावनिक दुर्लक्षाचे सगळे प्रश्न उलट्या बाजूनं विचारलेत: घरात जवळीक होती का, आपलं कुणाला महत्त्व आहे असं वाटायचं का. जितकं 'नाही', तितके दुर्लक्षाचे गुण जास्त. १९७०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एका प्रयोगात आयांना फक्त काही मिनिटं बाळासमोर चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, शेवटी तोंड फिरवतं. आई समोरच बसलेली असते. तिनं काहीही केलेलं नसतं.

"आणि तुमच्या घरी हो?" हा तुमचा पुढचा प्रश्न. सांगते.

मी नऊ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ मेंदूज्वरानं गेला. सातपूरला आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा कारखान्यात पाळ्या करायचे. तेरावं झालं आणि ते दुसऱ्या दिवशी कामावर गेले. फोटो कपाटात गेला, त्याचं नाव निघेनासं झालं. जूनमध्ये शाळा सुरू होताना आईनं त्याचं दप्तर माझ्यासाठी काढलं. खाकी कॅनव्हासचं, नवंच म्हणावं असं. झाकणाच्या आत बॉलपेननं त्याचं नाव लिहिलेलं. आईनं त्यावर वहीचं लेबल चिकटवलं, त्यावर माझं नाव घातलं, चारी कडा बोटानं दाबून बसवल्या आणि डबा भरून दिला. डब्यात माझ्या आवडीची बटाट्याची भाजी होती. पावसानं लेबल ओलं झालं, एक कोपरा सुटला आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षर दिसायला लागलं. वर्गात मी तो कोपरा अंगठ्याखाली दाबून धरायचे. मी घरी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. त्या वर्षी माझा पहिला नंबर आला आणि शेजारीपाजारी म्हणाले, पोरगी किती समजूतदार!

मला काय कमी होतं? काहीच नाही. आई-अण्णांबद्दल कुणी वावगं बोललं तर आजही मला सहन होत नाही. आणि ते अक्षर आजही माझ्या अंगठ्याखाली आहे. दोन्ही खरं आहे.

चाळिशीत एकदा आईला विचारलं, माझ्याशी त्याच्याबद्दल का बोलली नाहीस. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू रडली असतीस तर मला तुला सावरता आलं नसतं. आणि मला कुणी विचारलं होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिशीतली मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, आईचं दुःख खरं, पण नऊ वर्षांचं कोण होतं? तू स्वतः आई झालीस म्हणून मवाळ पडलीस. असेलही. कधी कधी एखाद्या पेशंटसमोर बसल्यावर तिचंच म्हणणं मला पटतं.

त्यामुळे दोष कुणाचा, याचा निवाडा माझ्याकडे मागू नका. औषधानं झोप लागते, उदासी कमी होते, ते मी देते. पण "मला राग आला होता" एवढं म्हणता यायला समोर ऐकून घेणारं माणूस लागतं, तेही आठवड्यामागून आठवडे. ट्रॉनिक यांनीच पुढे दाखवलं की चांगल्या माय-लेकरांचंही बराच वेळ जुळत नसतं. बिनसल्यावर पुन्हा जवळ येता येतं का, याला महत्त्व. साठीतले वडील मुलीसमोर पहिल्यांदा "तेव्हा तुला काय वाटलं गं?" असं विचारताना मी पाहिलेत. पुढे सगळं सुरळीत झालंच असं नाही.

तेव्हा तुम्हीही या. ती बोलत असताना "पण आम्ही तर..." हे शब्द तेवढे गिळावे लागतील. ती माफ करेल, असा शब्द मी देत नाही. आणि तुम्हाला बोलवायचं की नाही, हे आधी तिला विचारीन.