दर्यातला उजेड कोरताना

मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या किनाऱ्यावर रापण अजून लागते, पण ती भरून येणे दुर्मीळ झाले आहे. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडून त्याची दोन्ही टोके पंचवीस-तीस माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायची आणि हाती थोडी तारली लागायची, हे मी पाहते. रात्री त्याच समुद्रावर क्षितिजाला दिव्यांची रांग दिसते. जनरेटरवरच्या झगझगीत दिव्यांनी मासळी एका जागी गोळा करायची आणि पर्ससीन जाळ्याने सगळीच घेरायची, असा तो प्रकार. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर मर्यादा घातल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी आणली, तरी दिवे दिसायचे थांबले नाहीत. गेल्या पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात, मी या विषयावर लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून कागदावर छापायचे चित्र, करायला घेतले.

लिनोकटमध्ये जे कोरून काढले जाते ते कागदावर पांढरे राहते आणि जे शिल्लक राहते त्याला शाई लागते. म्हणजे रात्रीचा समुद्र मला आयताच मिळणार होता. खणून काढायचे होते ते फक्त दिवे आणि दोरी ओढणारे हात. हा विषय या माध्यमातच करावा असे वाटण्याचे खरे कारण हेच होते. खाली एक ओळ घालायची असेही मी ठरवले होते : ‘दर्या कोणाचा?’ छापल्यावर अक्षरे सुलट यावीत म्हणून ती उलटी कोरावी लागतात, आणि देवनागरीत मात्रा, काने, रफार सगळेच फिरवायचे असल्याने मी दोन संध्याकाळी आरशासमोर बसून ती ओळ गिरवली. पावसाळी गारव्यात लिनो कडक होतो; तो गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून मऊ करायचा आणि थंड होण्याआधी जमेल तेवढा कोरायचा, असे काम अकरा दिवस चालले.

पहिले प्रूफ काढले. सगळी अक्षरे सुलट आली, फक्त ‘ण’ तेवढा उलटा उमटला. एकदा कोरलेला लिनो भरून काढता येत नाही. तरीही तो कागद मी शेजारच्या वयोवृद्ध रापणकार काकांना दाखवायला नेला. त्यांनी ओळीकडे पाहिलेच नाही. कागद लांब धरून ते म्हणाले, “गो, किल्लो ह्या हाताक दिसता, तू त्या हाताक काढलंस.” अक्षरे उलटी करण्याच्या काळजीत मी चित्र उलटे करायचेच विसरले होते, त्यामुळे सिंधुदुर्ग किल्ला समुद्राच्या भलत्याच बाजूला जाऊन बसला होता.

दुसरा लिनो घेतला आणि त्या वेळी ओळ वगळली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे काढणाऱ्या, पुढे मुंबईत अंधेरीला राहिलेल्या चित्तप्रसादांचे बालमजुरांवरील लिनोकट मी विद्यार्थिदशेत पाहिले होते. त्यांतील मुलांचे हात मला आजही आठवतात. माझ्या चित्रातील हात मात्र मी घाईत उरकले होते आणि सारी मेहनत अक्षरांवर घालवली होती. या खेपेला काकांच्या पंजाची तीन रेखाटने केली. दोरीने अंगठ्याच्या मुळाशी पडलेला घट्टा उठावा म्हणून तेवढी जागा न कोरता काळीच ठेवली.

छपाई माझ्याकडे प्रेस नसल्यामुळे लाकडी डावाच्या पाठीने घासून केली. रोलरखाली शाईचा चिकट, बारीक चरचराट ऐकू येऊ लागला की ती बेताची लागली आहे असे समजायचे. आवाज ओलसर आला तर शाई जास्त झालेली असते आणि बारीक रेषा बुजतात. हातकागद पावसाळी हवेत फुगत होता, तेलाची शाई नवव्या दिवशीही बोटाला लागत होती. माजघरात दोरीवर प्रती टांगून त्यांखाली दिवे लावले, तर घरातले सगळे दिवे एलईडी, त्यांची ऊब ती काय! शेवटी बाजारातल्या एका जुन्या दुकानातून पिवळ्या उजेडाचे दोन बल्ब शोधून आणले. ज्या दिव्यांवर एवढे चित्र बेतले होते, ते घरात असे निरुपयोगी ठरलेले पाहून मला हसू आवरले नाही.

बारा प्रतींवर पेन्सिलीने क्रमांक घालून सही केली. त्यांतील एक प्रत प्रदर्शनासाठी मागणाऱ्या एका कलादालनाने शीर्षक ‘कोकणातील रात्र’ असे करावे, म्हणजे ‘वाद नको’, असे सुचवले. मी प्रत पाठवली नाही. क्रमांकित प्रती पूर्ण झाल्यावर लिनोवर आडवी रेघ मारून तो रद्द करण्याची रीत आहे, म्हणजे पुढे प्रती निघत नाहीत आणि आधीच्यांची किंमत टिकते. मी ती रेघ मारलेली नाही. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात त्याच लिनोवरून साध्या कागदावर विनाक्रमांक चाळीस प्रती काढल्या आणि काकांच्या हाती दिल्या. त्यांनी वरच्या प्रतीत आधी किल्ला शोधला, मग स्वतःचा अंगठा, आणि गठ्ठा पिशवीत घालून ते बंदराकडे निघाले.