गाणारा गेल्यावरची पहिली रेकॉर्ड

गुरुवार, रात्री उशिरा

लग्नाचं साउंड उतरवून आत्ता आलो. माल टेम्पोतच आहे, सकाळी पोरं खाली करतील. झोप येईना म्हणून हेडफोन लावून 'सेरेमनी' ऐकत बसलोय. न्यू ऑर्डर या इंग्लंडच्या बँडची पहिली रेकॉर्ड, जानेवारी 1981 ची.

आज ती आठवायला कारण ड्रमरचा फोन. "भावा, परत सुरू करूया की. समदी रिकामीच हायत." समदी म्हणजे आम्ही, पन्नाशी ओलांडलेले. कॉलेजातला आमचा बँड. गाणारा नोकरीला पुण्याला गेला आणि बँड बंद पडला. भांडण नाही, तंटा नाही. आता तो नाही हे धरूनच ड्रमर बोलत होता.

त्यांची आमची बरोबरी नाहीच. त्यांचा गाणारा कायमचा गेला. 18 मे 1980 ला इयान कर्टिसनं जीव दिला, वय 23. दुसऱ्या दिवशी जॉय डिव्हिजन, म्हणजे त्यांचा तेव्हाचा बँड, पहिल्या अमेरिका दौऱ्याला निघणार होता. मागं राहिले तिघं: गिटारवर बर्नार्ड समनर, बासवर पीटर हुक, ड्रम्सवर स्टीफन मॉरिस. चौघांचं आधीच ठरलेलं होतं की एक जरी गेला तरी हे नाव पुढं वापरायचं नाही. आणि नाव विकायला लागलं होतं तेव्हाच त्यांनी ते सोडलं आणि न्यू ऑर्डर झाले. हे मला त्यांच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठं वाटतं.

गाणं मात्र सोडलं नाही. 'सेरेमनी' कर्टिस असतानाचंच. 2 मे 1980 ला बर्मिंगहॅमच्या शेवटच्या कार्यक्रमात वाजलेलं. शब्द कुठं नीट लिहून ठेवलेले नव्हते. तालमीच्या टेपवर कर्टिसचा आवाज वाद्यांखाली गाडलेला. समनरनं ती टेप ग्राफिक इक्वलायझरमधून, म्हणजे आवाजातले जाडे-बारीक सूर वेगवेगळ्या पट्ट्यांनी वर-खाली करायच्या यंत्रातून, फिरवून शब्द काढले.

हे वाचलं तेव्हा मी हसलो होतो, कारण हे काम मी रोज करतो. भाषण ऐकू येत नाही म्हणून आयोजक ओरडायला लागला की हात आपोआप पट्ट्यांवर जातो. खालचा बास कापायचा, अडीचशे-चारशे हर्ट्झचा डबडा आवाज खाली ओढायचा, दोन-तीन हजारांच्या पट्ट्या हळूच वर. आवाज वर येतो, पण त्याच्याबरोबर झांजाही येतात, कारण त्याही तिथंच बसलेल्या. मग परत थोडं खाली, परत वर. आयोजकाच्या भाषणासाठी हे करणं वेगळं आणि गेलेल्या दोस्ताचं तोंड काय म्हणतंय हे ऐकण्यासाठी करणं वेगळं. तो माणूस त्या पट्ट्यांसमोर किती वेळ बसला असेल कोण जाणे.

शुक्रवार

माल खाली केला. एका वरच्या स्पीकरचं हॉर्न फाटलंय. पावती पुस्तक संपलं.

शनिवार

टेम्पोत ऑडिओस्लेव्ह या अमेरिकी बँडचा पहिला अल्बम लावला, 2002 चा. साउंडगार्डन 1997 ला फुटलेली, तिचा गाणारा क्रिस कॉर्नेल. रेज अगेन्स्ट द मशीनचा गाणारा 2000 ला बाहेर पडला, मागं तिघं उरले. निर्माता रिक रुबिननं कॉर्नेलचं नाव सुचवलं आणि या चौघांनी 19 दिवसांत 21 गाणी रचली म्हणे. वाजवणं एक नंबर. रेजवाल्या टॉम मॉरेलोची गिटार सुरू झाली की मी आवाज वाढवतोच. पण आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर दोन पेठांचे निवडक खेळाडू एकाच संघात उतरवावेत तसं होतं: गोल धडाधड होतात, पण आपण कुणाच्या बाजूनं ओरडायचं तेच कळत नाही.

न्यू ऑर्डरचा पहिला अल्बम 'मूव्हमेंट' नोव्हेंबर 1981 ला आला. तोवर गिलियन गिल्बर्ट आलेली, कीबोर्ड आणि गिटारला. अल्बम अर्धाकच्चा आहे, हे मला मान्य. समनरचा आवाज चाचपडतो, दोन गाणी हुक गातो, आणि निर्माता मार्टिन हॅनेट दोघांवरही खूश नव्हता. गाणारा कोण हेच ठरत नव्हतं. आधी तिघांनीही गाऊन बघितलेलं. पण मला हेच आवडतं. रिकाम्या जागेवर त्यांनी पडदा टाकला नाही. पुढं 1983 ला 'ब्लू मंडे' करून जगाला नाचवलं ते ठीक, पण मी परत परत ऐकतो ते हे चाचपडणं.

आणि हुकचा बास! वरच्या तारांवर, गिटारच्या गळ्याशी जाऊन चाल वाजवतो. त्याचा स्पीकर एवढा भिकार होता की खालचे सूर त्याला ऐकूच यायचे नाहीत, म्हणून तो वर सरकला. माझ्याकडं चांगले स्पीकर आहेत आणि मी अजून खालीच घुटमळतो.

रविवार

ड्रमरला भेटलो. त्याच्या घरून खरी कॉर्नरला चालत गेलो, सिनेमाच्या आठवणीसाठी उभारलेल्या कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी चहा. तो म्हणाला, "नाव जुनंच ठिवू. लोकांस्नी म्हाईत हाय." कुणाला माहीत आहे? आमच्या बायकांना, तेही रागानं.

मी त्या स्तंभाकडं बोट केलं. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सोडून दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले, सीताराम कुलकर्णींना बरोबर घेतलं आणि 1929 ला याच गावात 'प्रभात' काढली. पहिला चित्रपट 'गोपाळकृष्ण', मूकपट. पेंटरांकडं शिकलेला हात तोच, पण पाटी स्वतःची. ड्रमर म्हणाला, "ते शांताराम होते. आपण काय हाय?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

शेवटी गाणाऱ्यालाच फोन लावला, स्पीकरवर. तो खूश झाला. म्हणाला, "माझं ते पावसाचं गाणं घ्या, खुशाल घ्या." शब्द विचारले तर पहिलं कडवं धडाधड म्हणाला आणि दुसऱ्याला अडकला. त्याला आठवेना, आम्हाला तर त्याहून नाही. माळ्यावर तालमीची एक कॅसेट आहे, पण तिच्यात ड्रमरनं सगळ्यांना झाकून टाकलंय. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं मानलं नाही.

म्हणजे आता पट्ट्यांसमोर बसणं माझ्याच नशिबी. मंगळवारी ऑर्डर नाही, तेव्हा बघतो. कॅसेट फिरली पाहिजे एवढंच, बुरशी लागली नसली म्हणजे झालं.

कोण गाणार यावर कुणी काही बोललं नाही. ड्रमरला वाटतं मी, मला वाटतं तो. नावाचं मात्र मी ठणकावून सांगितलं, जुनं नको. तो घुश्शातच घरी गेला आणि संध्याकाळी मोबाइलवर नवीन नावांची यादी धाडली. त्यातली तीन आमच्याच पेठेतल्या तालमींची आहेत.