नागपूर, तर्री पोहे आणि काकांची पक्कड

नाशिकरोडला रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलो, तेव्हा बाबा खिडकीतून एवढंच म्हणाले, "त्याला विचार, मिगचा निरोप टीव्हीवर पाहिला का." बाबा ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात मिग-21 या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांच्या जुळणीवर होते आणि नागपूरचे काका हवाई दलात फिटर. एकानं जोडायचं, दुसऱ्यानं उडतं ठेवायचं, त्यातून झालेली ही मैत्री. बाबांच्या गुडघ्यांना आता एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून मी निघालो.

बडनेऱ्याच्या पुढे जाग आली. वेचणी होत आलेला कापूस, मधूनच तूर, आणि पुलगाव. दारूगोळ्याच्या डेपोचं गाव. नागपूर म्हटलं की आपल्याला संत्री आणि झीरो माइल आठवतो. पण अंबाझरीचा दारूगोळा कारखाना इथलाच, आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालयही इथलंच. देशभरातल्या विमानांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची काळजी या शहरातून वाहिली जाते.

स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. वर हरभऱ्याचा लालभडक रस्सा, कच्चा कांदा, लिंबू. डिसेंबरच्या थंडीत कपाळाला घाम आला. अधिवेशनाचे दिवस असल्यानं रस्त्यांवर बंदोबस्त होता, म्हणून मेट्रो धरली. सीताबर्डीला गाडी बदलली आणि उज्ज्वलनगरला उतरून सोनेगावकडे गेलो.

काका गच्चीवर उन्हात बसले होते. विमानतळ जवळच, त्यामुळे वरून विमान गेलं की बोलणं थांबतं आणि त्यांची मान आपोआप वर जाते. बाबांचा प्रश्न विचारला.

"पाहिला ना. 26 सप्टेंबर, चंदीगड. काकू म्हणून राहिली होती, जेवून घ्या. गेलंच नाही काही घशाखाली."

मिग-21 हवाई दलात होतं 1963 ते 2025, म्हणजे 62 वर्षं. त्यातली बरीच विमानं ओझरला जुळलेली. मी म्हणालो, "म्हणजे मिगही आपणच बनवत होतो की, काका."

ते उठले, खोलीतून पक्कड आणि बारीक तारेचं भेंडोळं घेऊन आले. "हे पाह." गच्चीच्या कठड्याच्या दोन बोल्टांना त्यांनी तार घातली, पीळ देत नेली आणि टोक आत वळवून दाबलं. याला लॉकवायर म्हणतात. तार अशा बाजूनं ओढायची, की हादऱ्यानं बोल्ट सैल व्हायला लागला तर तिचा ताण त्याला उलट आवळेल. चुकीच्या बाजूनं ओढली तर तार दिसते छान, पण उपयोग शून्य. शहात्तराव्या वर्षीही त्यांचा हात थरथरला नाही. तर्जनीवर तारेच्या जुन्या ओरखड्यांच्या पांढऱ्या रेघा होत्या.

"तार कुठं घालायची हे रशियाच्या पुस्तकात होतं," ते म्हणाले. "तिथंच का, हे नव्हतं. परवान्यावर बनवलं की हात तयार होतो, बाबू. डोकं त्यांच्याकडेच राहतं."

हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांचे कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले. धडधाकट विमानं एकेका भागासाठी जमिनीवर उभी राहिलेली काकांनी पाहिली आहेत. विकतच्या विमानावर आपलं क्षेपणास्त्र बसवायचं, तर मूळ कंपनीच्या दारात जावं लागतं. 23 ऑगस्ट 2023 ला गोव्याच्या किनाऱ्याजवळ तेजस या आपल्या लढाऊ विमानावरून 'अस्त्र' हे आपलं क्षेपणास्त्र डागलं गेलं. तिथं विमानही आपलं आणि क्षेपणास्त्रही आपलं.

"तेजसला एवढी वर्षं लावली, त्यापेक्षा विमानं विकत घेतली असती" असं मीही म्हणत आलो होतो. हिशेब वरवर खरा वाटतो. 1983 ला कार्यक्रम मंजूर झाला, 4 जानेवारी 2001 ला पहिलं उड्डाण, पहिली स्क्वाड्रन 2016 मध्ये. पण त्या वर्षांत काय काय झालं ते पाहा. विमान मुद्दाम थोडं अस्थिर आखलेलं, म्हणजे चपळ. ते सावरतो संगणक, चार समांतर वाटांनी. त्याची प्रणाली आपले अभियंते अमेरिकेत जाऊन जमवत होते. 1998 च्या पोखरणनंतर निर्बंध आले, त्यांना परत यावं लागलं आणि उरलेलं काम बंगळुरूत पुरं झालं. ते डोकं आता आपल्याकडे आहे.

काकांना मारुतचंही दुःख आहे. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्यानं एचएएलमध्ये आखलेलं ते विमान 17 जून 1961 ला उडालं, 147 बनली, 1971 ला राजस्थानच्या आघाडीवर लढली. पण ज्या इंजिनाच्या भरवशावर आखणी होती, ते मिळालंच नाही. कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं, आणि मग ती वाट तिथंच सोडून दिली. पहिल्या उड्डाणाचे वैमानिक सुरंजन दास 1970 मध्ये मारुतच्याच चाचणीत गेले.

इंजिनाचं दुखणं अजून तेच आहे. टर्बाइनच्या पात्यावरून जाणारा वायू पात्याचा धातू वितळेल त्याहून गरम असतो. म्हणून पातं आतून पोकळ, अंगावर बारीक छिद्रं, आणि अख्खं एकाच स्फटिकाचं. ही विद्या सहजासहजी कोणी विकत नाही. आपलं कावेरी इंजिन तिथं पुरं पडलं नाही आणि 2008 मध्ये तेजसपासून वेगळं झालं. नव्या तेजससाठी 2021 मध्ये अमेरिकेकडे 99 इंजिनं मागितली, पहिलं मार्च 2025 मध्ये आलं. विमान आपलं, पण वाट त्यांची पाहायची. मला हे फार लागतं.

दुबईच्या एअर शोमधल्या तेजसच्या अपघाताचा विषय काकांनीच काढला. 21 नोव्हेंबर 2025 ला त्यात वैमानिक विंग कमांडर नमांश स्याल गेले. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चौकशी आपली. नकाशे आपले. आपले लोक आत जाऊन पाहतील."

संध्याकाळी मिहान या औद्योगिक पट्ट्याकडे चक्कर मारली. फ्रेंच फाल्कन विमानं इथं पूर्ण बनणार आहेत. नागपूरच्या पोरांना काम मिळेल, चांगलंच आहे. "हात तयार होईल," काका एवढंच बोलले. ओझरहून 17 ऑक्टोबर 2025 ला उडालेल्या नव्या तेजसबद्दल मात्र त्यांनी खोदून खोदून विचारलं.

निघताना काकूंनी संत्र्यांचा खोका दिला. काकांनी त्याची झाकणं लॉकवायरनं बांधली. नाशिकला बाबांनी खोका उघडण्याआधी चष्मा लावला, पिळावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सारखे आलेत. बाजूही बरोबर आहे." मग पक्कड शोधायला उठले.