सपाट पत्र्यापासून मंगळसूत्राची वाटी

मंगळसूत्राच्या वाट्या हल्ली साच्यात दाबून काढलेल्या तयार मिळतात. तरीही दागिने घडवायला शिकणाऱ्याने सपाट पत्र्यापासून हाताने वाटी करून पाहावी, असे माझे ठाम मत आहे, कारण पत्र्याला आकार देण्याचे जवळजवळ सगळे नियम त्या एवढ्याशा गोलात येऊन जातात. मी हे काम चांदीवर करते. सोन्यावर हात चालवण्यापूर्वी चांदी, आणि त्याही आधी तांबे हाताळलेले बरे.

प्रथम चकती किती मोठी कापायची, ते ठरवावे लागते. अर्धगोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ त्याच्या तोंडाच्या वर्तुळाच्या दुप्पट असते, त्यामुळे हिशेबाने चकतीचा व्यास वाटीच्या व्यासाच्या सुमारे १.४ पट, म्हणजे १० मिलिमीटरच्या वाटीला १४ मिलिमीटर येतो. ठोकताना धातू ताणला जाऊन पसरतो, म्हणून प्रत्यक्षात चकती त्याहून किंचित लहान घेतली तरी पुरते. पत्रा २४ गेजचा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरचा घ्यावा. त्याहून पातळ पत्रा लवकर वळतो खरा, पण वाटीच्या फुगीर भागावर तो आणखी पातळ होतो आणि वापरताना नेमका तोच भाग कपड्यांना, मण्यांना सतत घासत असतो.

यानंतरचे काम हातोडीपेक्षा विस्तवाचे अधिक आहे. चांदीवर घाव बसत गेले की तिच्या आतल्या स्फटिकांना एकमेकांवरून सरकायला वाव उरत नाही, ती कडक होते आणि तरीही ठोकत राहिल्यास कडेला चिरते. तिला तापवले म्हणजे नवे स्फटिक तयार होतात आणि पत्रा पुन्हा नरम पडतो. दागिन्यांची चांदी बहुधा ९२.५ टक्के चांदी आणि ७.५ टक्के तांबे अशी असते. ती ६०० ते ६५० अंश सेल्सिअसला नरम होते, ८०० अंशांच्या आसपास वितळू लागते आणि ८९० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते. नरम होण्याच्या तापमानाला ती अंधूक लाल दिसते, पण ही लाली सावलीतच दिसते. आमच्या माळव्यातल्या भर दुपारच्या उजेडात ती अजिबात ओळखू येत नाही आणि तेवढ्यात पत्रा जास्त तापतो. असा पत्रा वितळला नाही तरी त्याचे स्फटिक मोठे होतात आणि पुढे ठोकताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत होतो, म्हणून खिडकी लावून घेऊन एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यातच ताव द्यावा. लाली गेली की पत्रा पाण्यात टाकावा. त्यानंतर त्याच्यावर चढलेला काळपटपणा तुरटीच्या गरम पाण्यात निघतो. मात्र त्या पाण्यात लोखंडी चिमटा घालू नये, कारण त्यामुळे तांब्याचा थर चांदीवर चढतो.

इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारातल्या, एका वयस्क कारागीर काकांनी मला पारखायची एक खूण सांगितली होती. "ताई, हातोडी उचलण्याआधी पत्रा ऐरणीवर टाकून ऐका," असे ते म्हणाले. कडक पत्रा खणखणतो आणि नरम पत्रा बद्द आवाज करून पडतो. इंदूरबाहेरच्या लोकांना सराफा रात्रीच्या गराडूसाठी (तळलेल्या कंदासाठी) आणि भुट्ट्याच्या किसासाठी माहीत असतो, पण तिथले खरे ज्ञान मला या आवाजात सापडले.

आता चकती खळगे असलेल्या पोलादी ठोकळ्यात ठेवायची. सुरुवात मोठ्या, उथळ खळग्यापासून करावी. चकती खळग्याच्या तोंडापेक्षा लहान हवी, नाहीतर खळग्याची कड तिच्यावर उमटते. गोल डोक्याचा ठोकणाही खळग्याहून थोडा लहान घ्यावा. सगळा जोर मधोमध दिला तर तळ पातळ होतो आणि कडेला चुण्या पडतात, म्हणून प्रत्येक घावानंतर चकती थोडी फिरवावी आणि कडेकडून मध्याकडे यावे. पडलेली चुणी मोडली जाण्यापूर्वीच हलक्या घावांनी दाबून टाकता येते. ती एकदा दुमडली की तिथे भेग ठरलेली असते. खळगा बदलताना पत्रा पुन्हा खणखणू लागला असेल तर दुसरा ताव द्यावा. इथे घाई करणाऱ्याची वाटी वरून देखणी दिसली तरी बोटाने दाबताच चेपते.

दोन्ही वाट्या सारख्या झाल्या, की त्यांची तोंडे सपाट कानशीवर घासून एका पातळीत आणावीत आणि मग कड्या डागाव्यात, म्हणजे झाळून जोडाव्यात. डागताना सबंध वाटी तापते आणि ठोकून आलेला कडकपणा पुन्हा जातो, ही गोष्ट शिकवणारे सहसा सांगत नाहीत. तो काही अंशी परत आणण्यासाठी अकीकाची ओपणी, म्हणजे घासून चकाकी आणायचे गुळगुळीत दगडी हत्यार, दाबून फिरवावी. तिने चकाकी तर येतेच, शिवाय वरचा थर दाबला जाऊन पुन्हा कडक होतो आणि रोजच्या वापरात वाटीला पोचे कमी पडतात.